अधिवेशनाला जाऊन ग्रंथपालाला नेमकं काय मिळतं?

दाखलवही

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात गेली अकरा वर्षं ग्रंथपाल आहे. सरकारी दर्जा ‘ब’ वर्ग (‘अ’ ते ‘ड’ असे चार, त्यावर अनुदान ठरतं), पुस्तकं सोळा हजारांच्या आसपास, आणि माणसं अडीच: मी, लिपिक आणि अर्धवेळ शिपाई.

गेल्या महिन्यात पहिल्यांदाच ग्रंथालयांच्या अधिवेशनाला गेले. दरवर्षी निमंत्रण आलं की अध्यक्ष नाहीतर कार्यवाह जायचे, आल्यावर मला पिशवी आणि पेन द्यायचे. यंदा कार्यवाहांच्या घरी लग्न होतं, म्हणून ‘मॅडम, तुम्हीच जाऊन या’ झालं.

पहाटे पावणेसहाची एसटी धरली. नोंदणी, पोहे, दीपप्रज्वलन, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार. उद्घाटन तासभर उशिरा सुरू झालं आणि दीड तास उशिरा संपलं. ‘वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे’ हे वाक्य तीन पाहुण्यांकडून ऐकलं. मग अनुदानाचे आणि वेतनश्रेणीचे ठराव झाले. ते आवश्यकच होते, टाळ्या मीही वाजवल्या. पण संगणकीकरणावरचं सत्र, ज्यासाठी मी वही नेली होती, ते ‘जेवणं खोळंबलीत’ म्हणून पंधरा मिनिटांत गुंडाळलं.

आता खरी गंमत. जेवणाच्या रांगेत पुढे एक बाई होत्या, शेजारच्याच तालुक्यातल्या ग्रंथपाल. सहज बोलता बोलता मी माझं रडगाणं गायलं: आमची नऊ हजार पुस्तकांची यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. नव्या सॉफ्टवेअरमध्ये घातली की निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आठ महिने अडकलं होतं. त्या म्हणाल्या, ‘युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या, पण सगळं एकदम नका घालू. आधी शंभर ओळी करा आणि रफार व पहिली वेलांटी तपासा. घोळ तिथेच होतो. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडात ती नंतर येते.’ भात वाढून होईपर्यंत आठ महिन्यांचं काम मोकळं झालं.

प्रश्न असा. कार्यकारिणीने विचारलंय, ११४० रुपये खर्च झाले, संस्थेला काय मिळालं ते लेखी द्या. पुढे पुण्यात दोन दिवसांची कार्यशाळा आहे, तिलाही जायचंय. ‘भाताच्या रांगेत मिळालं’ असं अहवालात लिहू का? तुमचे अनुभव सांगा.

शाईचाडाग

वाचतेय. ‘भाताच्या रांगेत’ असंच लिहा. माझ्या आयुष्यातलं सगळं व्यावसायिक शिक्षण मठ्ठ्याच्या पिंपाजवळ झालंय.

संदर्भकक्ष

मी महाविद्यालयात ग्रंथपाल. आमच्याकडे चित्र उलटं आहे, जायला मिळतं, नव्हे जावंच लागतं. पदोन्नतीसाठी उजळणी वर्ग, कार्यशाळा, शोधनिबंध सगळं मोजतात. त्यामुळे चर्चासत्राला माणूस ज्ञानाआधी प्रमाणपत्राची चौकशी करतो. २०२० च्या टाळेबंदीत तर कहर झाला. रोज तीन वेबिनार, शेवटी एक फॉर्म भरा, प्रमाणपत्र मेलवर. माझ्याकडे त्या चार महिन्यांची छत्तीस आहेत. त्यातल्या एकाही वक्त्याला मी नंतर फोन केलेला नाही, आणि एकाही श्रोत्याचं नाव मला माहीत नाही.

एका राष्ट्रीय चर्चासत्रात (कुठलं ते विचारू नका) निबंधवाचनाला प्रत्येकी पाच मिनिटं होती. सूत्रसंचालक घंटी घेऊन बसलेले. माझा निबंध प्रस्तावनेतच संपला. पुढचे गृहस्थ स्वतःचं वाचून थेट फोटो काढायला गेले, तेव्हा सभागृहात उरलो मी, घंटीवाले आणि पंखे दुरुस्त करणारा.

तरी एक सांगतो. उजळणी वर्गात दोन आठवडे एकत्र राहिलेली आम्ही सहा माणसं आजही एकमेकांना धरून आहोत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की पहिला फोन त्यांनाच जातो.

फडताळ

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही तरुण मंडळी समजता की हे नेटवर्किंग काल आलं. अहो, सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला. १९११ मध्ये तिथे ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग निघाला आणि १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं नियतकालिक. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे! म्हणजे आपल्या धंद्यातल्या माणसाने आपल्या भाषेत दुसऱ्या गावच्या ग्रंथपालाशी बोलावं, ही सोय शंभर वर्षांपूर्वी होती. ग्रंथालयांचा कायदाही आपल्याकडे लवकर आला, कोल्हापूर संस्थानात १९४५ साली. आजचा राज्याचा कायदा १९६७ चा.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला जिल्ह्याचे प्रशिक्षण वर्ग होत. एका शाळेत सतरंजीवर बसून ड्यूईचं वर्गीकरण, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला आकडा द्यायची पद्धत, शिकलो. आमचे गुरुजी पुस्तकाचं नाव कधी सांगत नसत, फक्त अनुक्रमणिका वाचून दाखवत आणि म्हणत, ‘लाव वर्गांक.’ ८९१.४६३ म्हणजे मराठी कादंबरी हे झोपेत सांगायचो. गंमत म्हणजे वर्ग संपल्यावर मुलं एकमेकांना पोस्टकार्डावर पुस्तकांची कोडी घालत: ‘शेतकऱ्यांसाठी ज्योतिष, कुठे लावू?’ ती पोस्टकार्डं माझ्याकडे आहेत अजून.

दाखलवही

काका, तुम्ही कुठे लावलंत ते ज्योतिष?

फडताळ

१३३ ला, म्हणजे ज्योतिष आणि गूढविद्येत. मित्राने शेतीत लावलं. तो म्हणे, आमचा वाचक तिथेच शोधणार. आता वाटतं, त्याचंच बरोबर.

एककपाट

नमस्कार. मी माण तालुक्यातली, ‘ड’ वर्ग. धागा वाचून बरं वाटलं आणि वाईटही.

२०२२ साली ‘ड’ वर्गाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. त्या ४८ हजारांचा हिशेब करा. निम्मी रक्कम वेतनावर, म्हणजे २४ हजार. बाराने भागा. महिन्याला दोन हजार. तेही दोन हप्त्यांत, कधी मार्चअखेर. यात मी ग्रंथपाल, लिपिक, शिपाई आणि झाडूवाली. दाताडी सरांची बैठक असो की जिल्ह्याचा ग्रंथोत्सव, जायचं तर भाडं माझं आणि वाचनालयाला कुलूप. कुलूप दिसलं की वर्तमानपत्रासाठी आलेले आजोबा सरपंचांना सांगतात, ‘आज बंद होतं.’ तपासणीत तेच निघतं.

माझं पद कुठे लिहितात माहितेय? निमंत्रणावर ‘अध्यक्ष/कार्यवाह/प्रतिनिधी’ असतं. ‘ग्रंथपाल’ नसतं. मी कधीच कुठे गेलेली नाही. तुमच्या भाताच्या रांगेपर्यंत पोचायला मला आधी किल्ली कुणाकडे तरी द्यावी लागेल.

शाईचाडाग

दाताडी सर कोण?

एककपाट

अहो, ते आमच्याकडच्या एकांचं टोपणनाव. चुकून लिहिलं, संपादन जमत नाहीये. 🙏

मानदकार्यवाह

इथे सगळे कर्मचारी दिसतात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी एका ‘अ’ वर्ग वाचनालयाचा कार्यवाह, अर्थात बिनपगारी. आम्ही पेन-पिशवीसाठी जातो असा सूर लागलाय. अनुदानवाढीचे ठराव, मोर्चे, मंत्रालयाच्या फेऱ्या कोणी केल्या? २०१२ साली राज्यभरच्या वाचनालयांची पडताळणी झाली, त्यात महसूल खात्याची माणसं दारात आली तेव्हा वह्या घेऊन कोण उभं होतं?

खर्चाचंही ऐका. प्रवासखर्च अनुदानातल्या वेतनेतर रकमेतून टाकता येतो, पण तिकीट आणि हजेरीचा दाखला लागतो. नाहीतर लेखापरीक्षक बोट ठेवतो. दाखलवही मॅडम, तुमच्या कार्यकारिणीने ‘काय मिळालं’ विचारलं यात संशय नाही, सवय आहे.

आणि मनातलं बोलायचं तर, आम्ही एका मुलीला सगळ्या कार्यशाळांना पाठवलं. परीक्षा दिली, संगणक शिकली, छान तयार झाली. तिसऱ्या वर्षी एका इंटरनॅशनल शाळेत लागली. आमच्या चौपट पगारावर. पुन्हा शून्यापासून सुरुवात.

संदर्भकक्ष

कार्यवाह साहेब, ती मुलगी गेली कारण पगार चौपट होता. कार्यशाळेला पाठवलं नसतं तर ती राहिली असती, पण न शिकलेली राहिली असती. ते परवडलं असतं?

मानदकार्यवाह

खरं सांगू? तेव्हा परवडलं असतं असं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. बाई अजून फोन करते. आमचं बारकोडचं काम तिनेच रविवारी येऊन लावून दिलं.

भेटवस्तू

मी कोहावाला. म्हणजे ग्रंथालयाचं काम संगणकावर चालवणारं कोहा नावाचं सॉफ्टवेअर बसवून देतो, जमेल तिथे फुकट. या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना, कारण माझी सगळी वाट एका संमेलनाने बदलली.

२०११ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोहाचं जागतिक संमेलन चक्क ठाण्यात भरलं होतं, विद्या प्रसारक मंडळात. मी तेव्हा डोंबिवलीच्या एका छोट्या संस्थेत. कामावरून अर्धी रजा टाकून लोकलने गेलो. ज्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिलं ती माणसं समोर बसलेली. मी भीत भीत विचारलं की देवनागरीत शोधताना अनुस्वार आणि पंचमवर्ण वेगळे धरले जातात, ‘संबंध’ टाकला की ‘सम्बन्ध’ सापडत नाही. उत्तर लगेच मिळालं नाही. पण त्यांनी सांगितलं, ही अडचण इथे नुसती बोलू नका, नोंदवा, आणि नोंदवायची कशी ते लॅपटॉप उघडून दाखवलं. तक्रार करणं वेगळं आणि नोंदवणं वेगळं, हे त्या दुपारी कळलं.

कोहा जन्मलं न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ या छोट्या भागाच्या ग्रंथालयासाठी. जुनी प्रणाली २००० साल ओलांडेल याची खात्री नव्हती, नवी विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून स्वतःचीच लिहून घेतली आणि सगळ्या जगाला मोकळी दिली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, पण अशी भेट जिची परतफेड पुढेमागे व्हायची असते. आपल्या आहेरासारखी. लग्नात कुणी काय दिलं ते वहीत लिहून ठेवतो ना, तसं.

दाखलवही ताई, एक सावधगिरी. युनिकोड झालं की कुणीतरी सांगेल, ‘झेड ३९.५० (दुसऱ्या ग्रंथालयाच्या संगणकावरून पुस्तकांच्या नोंदी घ्यायची पद्धत) वापरा, नोंदी आपोआप उतरतात.’ उतरतात, पण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून घ्याल तर मराठी पुस्तकांच्या नोंदी बहुतेक रोमन लिपीत येतील, टिंबाटिंबांसकट. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, नसतोच, शोधायचं कशावरून हाही प्रश्न. त्यापेक्षा शेजारच्या वाचनालयाने देवनागरीत केलेल्या नोंदी मागून घ्या. तुमची आणि त्यांची निम्मी पुस्तकं तीच असणार.

दाखलवही

हे डोक्यातच आलं नव्हतं. सगळे तीच ती पुस्तकं पुन्हा पुन्हा टाइप करतोय.

परसातलीजाई

मिशिगनमधून. लहानशा गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात आठ वर्षं काम करतेय. त्याआधी साताऱ्यात होते, म्हणून दोन्हीकडचं थोडं कळतं.

इथल्या ग्रंथालय संघटनेचं पहिलं संमेलन १८७६ ला फिलाडेल्फियात झालं. १०३ जण होते, त्यात बायका १३. आता सभागृह बायकांनीच भरलेलं असतं. मोठ्या अधिवेशनात प्रकाशक आगामी पुस्तकांच्या प्रती फुकट वाटतात आणि आम्ही भाजीबाजारात आल्यासारख्या पिशव्या भरतो. नवख्यांना एकेका अनुभवी माणसासमोर दहा-दहा मिनिटं बसवतात. पण तिथेही जातात ते बहुतेक वरच्या पदावरचेच, हे ऐकून एककपाट ताईंना आश्चर्य वाटेल. काउंटरवरच्या माणसाला विमानाचं भाडं कोण देणार?

हेवा वाटण्यासारखी गोष्ट वेगळीच. आमच्याकडे वर्षातून एक दिवस ग्रंथालय लोकांना बंद असतं, फक्त कर्मचाऱ्यांसाठी. दारावर आधी महिनाभर पाटी लावतात. त्या दिवशी झाडलोट करणाऱ्यापासून संचालकापर्यंत सगळे एका खोलीत. गेल्या वर्षी विषय होता चिडलेल्या वाचकाशी कसं बोलावं. सगळ्यात चांगली उदाहरणं पार्किंगची जागा राखणाऱ्याने दिली.

एककपाट

पाटी लावून बंद! आमच्याकडे पाटी लावली तर वाचनालय कायमचं बंद झालं असं गावभर होईल.

मधलीसुट्टी

मी लातूर जिल्ह्यातला. आमचं थोडं सांगतो, कदाचित उपयोग होईल. लांबेल, आधीच माफी.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पाच वाचनालयांचे ग्रंथपाल महिन्यातून एकदा भेटायचं म्हणालो. दोन महिने काही जमलंच नाही, कारण एकाची सुट्टी सोमवारी, दुसऱ्याची गुरुवारी, एकाच्या गावी त्या दिवशी बाजार. शेवटी आमच्यातल्या मामींनी (वय ५८, ‘क’ वर्ग) विचारलं, ‘अरे, दुपारी बारा ते चार आपण सगळेच बंद असतो की नाही?’ आमची वाचनालयं सकाळी आणि संध्याकाळी उघडी. मधली सुट्टी सगळ्यांची सारखी. पंधरा-वीस किलोमीटरच्या आतले आम्ही. रजा नको, कुलूप नको, ठराव नको. साडेबाराला जमायचं, तीनला उठायचं. डबा आपापला.

नियम दोनच ठेवले. हार-नारळ नाही. आणि येताना प्रत्येकाने एक अडलेलं काम हातात घेऊन यायचं. हातात म्हणजे खरोखर हातात: न लागणारं पुस्तक, फाटलेली दाखलनोंद वही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमाने नोंद असते ती), लेखापरीक्षकाचा शेरा, काहीही. पहिल्या भेटीत मी कसर लागलेलं ज्ञानकोशासारखं जाडजूड पुस्तक नेलं. एकाने सांगितलं डांबरगोळ्या ठेवा. दुसरा म्हणाला, त्या वासाने माझं डोकं दुखतं, वाचकांचंही दुखत असेल, कडुलिंबाचा पाला ठेवा. अर्धा तास भांडण. शेवटी ठरलं की आधी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, ओल भिंतीतून येतेय. ती ओल मी सहा वर्षं बघत होतो.

तिसऱ्या भेटीपासून दुबार प्रतींची अदलाबदल सुरू झाली. वाचनालयांना पुस्तकं देणाऱ्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजनेतून आलेली आणि कुणीच न हात लावलेली पुस्तकं प्रत्येकाकडे असतातच. ती एकमेकांच्या वाचकांना वाचायला द्यायची, दाखल अंक, म्हणजे पुस्तकाची मालकी, ज्याचा त्याचाच. एका गावात तीन वर्षं धूळ खात पडलेलं शेळीपालनाचं पुस्तक दुसऱ्या गावी महिनाभरात सात जणांनी नेलं.

सगळं गोड नाही हं. पाचातला एक सहाव्या महिन्यात यायचा थांबला. त्याच्या अध्यक्षांना वाटलं आम्ही पगारवाढीची संघटना बांधतोय. आणि एकदा मी सगळ्यांच्या देखत एका मॅडमच्या नोंदींतल्या चुका काढल्या, त्या दोन भेटी आल्या नाहीत. पोस्टकार्ड टाकून माफी मागितली. फोन उचलत नव्हत्या.

व्हॉट्सअ‍ॅप गट आहे, पण तिथे ‘पीडीएफ आहे का’ आणि सुप्रभात याशिवाय काही चालत नाही. काम समोरासमोरच होतं.

फडताळ

मधलीसुट्टी, तुमच्या मामींना माझा नमस्कार सांगा. चाळीस वर्षं नोकरी केली, दुपारचे ते चार तास मी घरी झोपण्यात घालवले.

संदर्भकक्ष

मला या गटात महाविद्यालयीन माणूस चालेल का? आमची दुपार मोकळी नसते, पण शनिवारी जमवतो. आमच्याकडे शिकाऊ विद्यार्थी असतात, त्यांना नोंदी करायला पाठवता येईल. प्रमाणपत्र मागणार नाही, शपथ.

मानदकार्यवाह

सुचवू का एक? अध्यक्षांना संशय येऊ नये म्हणून पहिल्या भेटीला एका कार्यवाहाला बोलवा. डबा खाऊन तो कंटाळून निघून जाईल आणि पुन्हा विचारणार नाही. स्वानुभवावरून सांगतो.

दाखलवही

सगळ्यांचे आभार. अहवाल लिहिला, काल कार्यकारिणीत वाचला. ठराव आणि उद्घाटनाला दोन ओळी दिल्या. बाकी असं लिहिलं: ‘जेवणाच्या वेळी शेजारच्या तालुक्यातील ग्रंथपालांशी ओळख झाली. त्यांच्या सल्ल्याने नऊ हजार नोंदींपैकी ३२०० नोंदी युनिकोडमध्ये बदलून तपासल्या. हेच काम बाहेरून करून घेण्यासाठी मागवलेले दरपत्रक सोबत जोडले आहे.’ दरपत्रक बघून खजिनदार म्हणाले, ‘त्या बाईंना आपणच जेवायला बोलवायला हवं होतं.’

पुण्याच्या कार्यशाळेला नोंदणी शुल्क मंजूर, प्रवासखर्च मात्र एसटीच्या साध्या गाडीचा.

आणि दुसरं. त्या बाईंना फोन केला, आणखी दोघांशी बोलले. आमच्याही दुपारी मोकळ्याच आहेत. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी साडेबाराला आमच्या वाचनालयात बसतोय, बालविभागात, कारण तिथला पंखा चालतो. एककपाट ताई, माण म्हणजे आमच्यापासून फार लांब नाही. येता का? चारच्या आत परत पोचता येईल असं बघू.

एककपाट

तुमच्या गावाला आमच्याकडून दहा वीसची गाडी आहे, पण ती धरायची तर सकाळी अर्धा तास आधी बंद करावं लागेल. पेपरवाल्या आजोबांना विचारलं. म्हणाले, ‘अर्धा तास मी बसतो, पण किल्ली माझ्याकडे नको, तू आलीस की मगच घरी जाईन.’ म्हणजे ते साडेचारपर्यंत पायरीवर बसणार!

येताना दाखलनोंद वही आणू का? २००४ ते २००७ ची पानं पाण्याने चिकटलीत.

दाखलवही

आणा. कोरडी ठेवा, उघडायचा प्रयत्न करू नका. मधलीसुट्टी सर, चिकटलेल्या पानांचं कुणी केलंय का तुमच्यात?

मधलीसुट्टी

मामींनी केलंय. त्यांचा नंबर त्यांना विचारून व्यक्तिगत निरोपात पाठवतो. दुपारी बारा ते चार फोन करा, तेव्हाच उचलतात.